चढावर आणि उतारावर रायफलचा नेम: वर धरायचा की खाली?

दक्षिणवारा (क्राइस्टचर्च)

नमस्कार मंडळी. इकडे न्यूझीलंडमध्ये थारच्या शिकारीचे दिवस जवळ आलेत. कायद्याने ठरलेला मोसम असा नाही, वर्षभर चालतं, पण मे ते जुलै नर माजावर असतात, आयाळ भरलेली असते, मग सगळेच तेव्हा राकाइया आणि रांगिताता नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत जातात. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अलीकडे फायरआर्म्स लायसन्स काढलंय आणि ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, जनावर आपल्यापेक्षा खूप वर किंवा खूप खाली असेल तर नेम कुठे धरायचा. उत्तरं इतकी उलटसुलट येतायत की वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थार म्हणजे आपल्या हिमालयातलाच रानबोकड. ड्यूक ऑफ बेडफर्डने दिलेली जनावरं १९०४ साली माउंट कुकजवळ सोडली, आणि इथे त्यांना खाणारं कोणीच नाही. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा सस्तन प्राणीच नाही, त्यामुळे इथल्या उंचावरच्या वनस्पतींना चरणाऱ्या तोंडाची सवय नाही. १९९३ च्या सरकारी आराखड्यात थारची संख्या १०,००० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलंय. म्हणून शिकारीला परवानगी आहे, परमिट फुकट मिळतं.

आता मुद्दा. चढावर मारा किंवा उतारावर मारा, गोळी दोन्ही वेळेला सपाटीपेक्षा वर लागते. दोन्ही वेळेला. म्हणजे त्या अंतराला सपाटीवर जेवढं वर धरलं असतं त्यापेक्षा थोडं कमी धरायचं. पण हे "थोडं" किती ते कळलं पाहिजे, कारण २०० मीटरच्या आत ते इतकं किरकोळ असतं की त्याचा विचार करण्यात वेळ घालवू नये, आणि ३००-४०० ला ते इतकं होतं की जनावर जखमी होऊन कड्यात निघून जातं. मला या धाग्यात मुख्य सांगायचंय ते हेच, की लोक कोसाइनच्या, म्हणजे कोनावरून दुरुस्ती काढायच्या गणिताच्या, मागे लागतात आणि जनावराच्या अंगाचा कोन आणि स्वतःची बैठक या दोन मोठ्या गोष्टी विसरतात.

घाटपाण्या (नाशिक)

दादा एक शंका. आमच्याकडे जुने लोक सांगायचे की वर मारताना गोळी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढते म्हणून दमते आणि खाली पडते, आणि खाली मारताना गुरुत्वाकर्षण ढकलतं म्हणून वर लागते. म्हणजे वर मारताना उलट जास्त वर धरायला पाहिजे ना? ऐकायला तरी बरोबर वाटतं.

भौतिकमास्तर (सांगली)

घाटपाण्या, हे फार जणांच्या डोक्यात असतं, आकडे घालून बघू. .३०८ कॅलिबरची, १६८ ग्रेन (साधारण ११ ग्रॅम) वजनाची गोळी नळीतून साधारण ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि ३०० मीटर जायला तिला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही, साधारण ०.४३ सेकंद लागतात. ३० अंशाच्या चढावर गुरुत्वाकर्षण तिचा वेग मागे खेचून किती कमी करेल? ९.८ गुणिले ०.५ गुणिले ०.४३, म्हणजे जेमतेम २ मीटर प्रतिसेकंद. तेवढ्याच वेळात नुसती हवा तिचा २०० च्या आसपास वेग खाते. तेव्हा दमणं-ढकलणं हा हिशोब सोडूनच द्या.

खरं काय होतं ते बघा. सपाटीवर मारताना नळी स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, कारण गोळी खाली येणार हे धरूनच आपण झिरो करतो, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवून ठेवतो. गुरुत्वाकर्षण गोळीला सरळ जमिनीकडे खेचतं. नजरेची रेषा आडवी असेल तेव्हा ही ओढ पूर्णच्या पूर्ण रेषेला काटकोनात लागते. रेषा तिरकी झाली की ओढीचा काही भाग रेषेच्या दिशेनेच जातो आणि काटकोनातला भाग कोसाइनच्या पटीत कमी होतो. गोळीचं रेषेपासून खाली येणं कमी झालं, नळी मात्र तेवढीच वर रोखलेली, मग गोळी वर लागणारच.

टोकाचं उदाहरण घ्या, रायफल सरळ आकाशाकडे धरली. आता गोळीला रेषेपासून बाजूला खेचणारं काहीच नाही, नळी जिकडे तिकडे ती जाणार. खाली विहिरीत रोखली तरी तेच. म्हणून चढ-उतार दोन्हीचं उत्तर एकच.

दक्षिणवारा

मास्तर, एकदम नेमकं. आता किती वर लागते ते मीच लिहितो. वरच्याच काडतुसाची गोळी ३०० मीटरला नळीच्या रेषेपासून साधारण ८५ सेंटीमीटर खाली येते. ३० अंशाला कोसाइन ०.८७, म्हणजे त्यातलं १३ टक्के खाली येणं वाचलं, सुमारे ११-१२ सेंटीमीटर. थारच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग वीतभराचा धरला तर मधोमध नेम धरूनही गोळी वरच्या काठाला जाते. २०० मीटरला हाच फरक ५ सेंटीमीटरच्या आत, तिथे कोणी हिशोब करत बसू नये. ४०० ला २० सेंटीमीटरच्या वर जातो आणि ४५ अंश असेल तर ३०० लाच २५ होतो.

डेन्व्हरकर

इकडे कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीच्या वेळी आम्ही जे करतो ते सोपं आहे. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) जनावरापर्यंतचं तिरकं अंतर घ्यायचं, कोसाइनने गुणायचं, जे अंतर येईल त्याची दुरुस्ती लावायची. २० अंशाला ०.९४, ३० ला ०.८७, ४० ला ०.७७, ४५ ला ०.७१, एवढं रायफलच्या दस्त्यावर चिकटवून ठेवलं की झालं.

पण यात एक खाच आहे आणि ती फार लोकांना कळत नाही. समजा ३०० मीटर, ३० अंश, गुणून आले २६०. आता २६० ची दुरुस्ती क्लिकमध्ये, म्हणजे स्कोपची चकती फिरवताना लागणाऱ्या खाचांत, घ्यायची, सेंटीमीटरमध्ये नाही. २०० ला झिरो असेल तर सपाटीवर ३०० ला साधारण ९ क्लिक लागतात, ०.१ मिलचे (म्हणजे १०० मीटरला एक सेंटीमीटर सरकवणारे), आणि २६० ला ५. म्हणजे ५ क्लिक लावून मधोमध धरायचं. काही जण काय करतात, २६० ला गोळी नजरेच्या रेषेपासून १४ सेंटीमीटर खाली येते म्हणून जनावराच्या अंगावर १४ सेंटीमीटर वर धरतात, पण जनावर आहे ३०० वर, तिथे ५ क्लिक म्हणजे १५-१६ सेंटीमीटर होतात. ३०० ला चालून जाईल, लांब गेलं की हा फरक वाढत जातो.

आणि वारा! वाऱ्यासाठी पूर्ण ३०० च धरायचे. गोळी हवेतून ३०० मीटर जाते, २६० नाही, वारा तिला सगळ्या वाटेवर ढकलतो.

नवशिक्या (ऑकलंड)

सगळ्यांना धन्यवाद, फार उपयोगी धागा. मी जूनमध्ये पहिल्यांदाच जातोय. कोन मोजायचा कशाने? माझा रेंजफाइंडर साधा आहे, फक्त अंतर दाखवतो. आणि डोळ्याने अंदाज करता येतो का?

दक्षिणवारा

डोळ्याचा अंदाज जवळजवळ नेहमी जास्त येतो. माणूस डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून वर बघतो आणि म्हणतो ४५ अंश आहे, मोजलं तर २५ भरतो. सुट्या दगडांची घसरंडच साधारण ३५ अंशाच्या आसपास असते, त्याहून उभी असेल तर दगड टिकत नाहीत. आणि डोंगराचा उतार म्हणजे तुमच्या नजरेचा कोन नव्हे हे लक्षात घे. समोरचा डोंगर ४० अंशाचा असला तरी तू दरीच्या अलीकडच्या कड्यावर बसून जवळजवळ आडवाच बघत असशील. जनावर आडव्या अंतरात २६० मीटर आणि उंचीत १५० मीटर वर असेल तेव्हा कुठे ३० अंश होतो आणि तिरकं अंतर ३०० येतं. १५० मीटर म्हणजे किती उंच याचा विचार कर. त्यामुळे डोंगरातसुद्धा बरेचसे शॉट १५ ते २५ अंशातच बसतात.

मोजायला शाळेतला कोनमापक घे, मध्यबिंदूला बारीक भोक पाड, त्यातून दोरा ओव, खाली एक नट बांध. काडतूस काढून बोल्ट उघडा ठेवायचा, कोनमापकाची सरळ बाजू नळीला समांतर धरायची, दोरा ९० पासून जितका सरकला तेवढा कोन. वाऱ्यात दोरा हलतो, नट जरा जड घे. फोनमध्येही उतार दाखवणारं ॲप असतं, तेही चालतं, पण थंडीत बॅटरी उतरते. शिवाय जिथे बसून वाट बघणार तिथे आधीच दोन-तीन खुणांचा कोन आणि अंतर मोजून कागदावर लिहून ठेव, त्या मोठ्या दगडाला इतकं, त्या घळीच्या तोंडाला इतकं. जनावर आल्यावर मोजायला वेळ नसतो.

प्रोन_कोल्हापूर

मी स्पर्धेतली नेमबाजी करते, ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून. शिकार नाही, पण धागा आवडला म्हणून लिहितेय. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये याच प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हा इकडे रायफल म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

आमची रेंज सपाट, टार्गेट कायम एकाच उंचीला, त्यामुळे कोसाइनशी आमचा संबंध येत नाही. पण बैठकीबद्दल सांगू शकते. नेम म्हणजे क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) कुठे ठेवायचा एवढंच नसतं, रायफल अंगाच्या जोरावर तिकडे वळवलेली आहे का आपोआप तिकडे बघतेय हे जास्त महत्त्वाचं. आम्ही डोळे मिटून एक श्वास सोडतो आणि डोळे उघडून बघतो, नेम सरकला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही, पूर्ण शरीर हलवायचं. उतारावर तर हे दुप्पट लागू होत असणार, कारण अंग सतत घसरत असतं. तुम्ही लोक तिथे पडून मारता का बसून?

दक्षिणवारा

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलं, कारण माझ्या मते डोंगरातले बहुतेक नेम इथेच चुकतात, कोसाइनमुळे नाही.

उतारावर खाली मारताना पालथं पडलं की डोकं खाली पाय वर होतात, मान इतकी मागे वळवावी लागते की स्कोपमध्ये पूर्ण चित्र दिसत नाही, आणि अंग हळूहळू खाली सरकतं. तिथे बसून मारलेलं बरं. टाचा जमिनीत रोवायच्या, गुडघे वर घ्यायचे, मांड्या आणि पोटाच्या मध्ये सॅक घालायची आणि तिच्यावर रायफल. कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नका, हाडावर हाड घसरतं, वाटीच्या पुढच्या मऊ भागावर टेकवा.

चढावर वर मारताना उलटं होतं. नळी वर करायची म्हणजे दस्ता जमिनीला लागतो आणि तरी पुरत नाही. पुढे सॅक उभी करायची, आणि डोकं पुढे सरकवायचं नाही. वर बघताना माणूस नकळत स्कोपच्या जवळ जातो आणि धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर बसते. रक्त येतं ते येतंच, पण त्यानंतर प्रत्येक शॉटला माणूस आधीच डोळे मिटायला लागतो.

रायफलचा पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग टेकवायचा, नळी कधीच दगडावर टेकवायची नाही, गोळी वर उडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कड्यावरून खाली मारताना स्कोप नळीच्या ४-५ सेंटीमीटर वर असतो. स्कोपमधून जनावर स्वच्छ दिसतं, पण नळीसमोर कड्याचा दगड असतो. चाप ओढायच्या आधी डोकं उचलून नळीच्या तोंडापुढे बघायचं, दर वेळी.

रानफूल (पुणे)

माफ करा, धाग्याचा विषय वेगळा आहे तरी लिहिते. हिमालयातला थार आपल्याकडे कमी होत चाललाय, निलगिरीतल्या थारची तर अजूनच काळजी आहे, आणि इथे त्याला मारायचं कसं याची चर्चा वाचून वाईट वाटतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ती उगीच नाही.

दक्षिणवारा

रानफूल, तुमचं वाईट वाटणं मला पटतं, आणि भारतात शिकारबंदी आहे ती तशीच राहिली पाहिजे असं मी मनापासून म्हणतो. भारतातल्या कोणीही या धाग्याचा अर्थ इकडे करून बघू असा घेऊ नये. पण न्यूझीलंडमध्ये तोच प्राणी बाहेरून आणलेला आहे, तो इथली फुलझाडं, माउंट कुक बटरकपसारखी, खाऊन टाकतो, आणि कोणी मारला नाही तर सरकार हेलिकॉप्टरमधून मारतं. मारायचाच असेल तर एका गोळीत, जागच्या जागी. हा धागा त्यासाठीच आहे. आम्ही मांसही टाकत नाही, पाठीवर घालून खाली आणतो, घरी खिमा नाहीतर रस्सा होतो.

रानफूल

समजलं. ते जखमी होऊन तडफडू नये हे तर मलाही हवंय. बाकी मतभेद राहू दे.

डेन्व्हरकर

आता त्या अंगाच्या कोनाबद्दल लिहा दक्षिणवारा, सुरुवातीला म्हणालात आणि राहून गेलं. माझ्या मते ते कोसाइनहून जास्त महत्त्वाचं आहे.

दक्षिणवारा

हो, लिहितोच. सपाटीवर जनावर आडवं उभं असेल तर गोळी एका बरगडीतून शिरून समोरच्या बाजूच्या तेवढ्याच उंचीवरच्या बरगडीतून निघते. वरून खाली मारताना गोळी तिरकी शिरते. जवळच्या बाजूला नेहमीच्या जागी, म्हणजे छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात मारली तर ती काळजाच्या खालून पोटाकडे किंवा छातीच्या हाडाकडे निघून जाते, एकच फुप्फुस कसंबसं सापडतं. म्हणून वरून मारताना गोळी शिरायची जागा वर घ्यायची, पाठीच्या कण्याकडे थोडी सरकलेली. खालून वर मारताना उलट, शिरायची जागा खाली घ्यायची.

सोपी युक्ती अशी, गोळी निघणार कुठून ते आधी ठरवायचं. जनावर आडवं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर आणायचा. वरून मारताना गोळी त्या पायाच्या कोपराशी निघाली पाहिजे, खालून मारताना त्या खांद्याच्या वरच्या टोकाशी. मग मागे मागे रेषा आणत अलीकडच्या बाजूला ती जिथे भेटते तिथे क्रॉसहेअर.

आता बघा गोंधळ कुठे होतो. गोळी वर लागते म्हणून खाली धरायचं हे एक, आणि वरून मारताना जागा वर घ्यायची हे दुसरं. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि वरून मारताना ते एकमेकांच्या उलट जातात. ग्रुपवर जी उलटसुलट उत्तरं येत होती त्यातली अर्धी यामुळेच होती, एक जण गोळीबद्दल बोलतोय, दुसरा जनावराबद्दल. क्रम असा ठेवा, आधी अंगावरची जागा ठरवा, मग क्लिक लावा, मग त्या जागेवर सरळ क्रॉसहेअर ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अंदाजाने करायला गेलात की घोळ झालाच.

घाटपाण्या

हे वाचून एकदम डोक्यात आलं, आपल्या गडांच्या तटातल्या जंग्या (बंदूक रोखायची भोकं) आतून बाहेर खाली उतरत्या असतात. खालून चढणाऱ्यावर बंदूक रोखता यावी म्हणूनच ना ते? तेव्हाही उतारावरचा नेम हा विषय होताच म्हणायचा.

भौतिकमास्तर

जंग्या त्यासाठीच. तटाच्या पायथ्याशी आलेला माणूस सरळ भोकातून दिसणारच नाही, म्हणून भोक तिरकं. पण ती अंतरं थोडी असत, कोसाइनचा हिशोब त्यांना लागला नसता. त्यांना लागायचा तो दक्षिणवारा म्हणाले तो नळीपुढच्या दगडाचा.

नवशिक्या

अजून एक. थार कड्याच्या अगदी माथ्यावर उभा असेल, मागे फक्त आकाश, तर?

दक्षिणवारा

तर मारायचं नाही. इथे लायसन्सच्या वेळी सात नियम शिकवतात त्यातला एक हाच आहे, गोळीच्या वाटेवर आणि निशाणाच्या मागे काय आहे ते बघा. चढावर वर मारलेली गोळी चुकली किंवा आरपार गेली तर पलीकडच्या खोऱ्यात कुठे पडेल सांगता येत नाही, आणि जूनमध्ये पलीकडच्या खोऱ्यात दुसरी पार्टी असते. तो माथ्यावरून खाली उतरेल, मागे डोंगर येईल, तोपर्यंत थांब.

आणि तो पडल्यावर जाईल कुठे हेही आधीच बघ. उभ्या कड्यावरचा थार गोळी लागली की घरंगळतो आणि जिथे दोर लावूनही पोचता येत नाही अशा घळीत जातो. नेम कितीही चांगला असला तरी असा शॉट घ्यायचा नाही असं माझं मत आहे. चढून आल्यावर छाती धडधडत असते तेव्हाही लगेच मारू नकोस. सॅक उतरव, बस, श्वास जागेवर येऊ दे. थार तुला दिसलेला नसेल तर तो चरत तिथेच राहतो.

डेन्व्हरकर

नवशिक्या, डोंगरावर जायच्या आधी रिकाम्या रायफलने सराव कर. रेंजवर असा कोन मिळत नाही, पण तुमच्याकडे टेकड्या भरपूर आहेत आणि जिथे रायफल नेण्याची परवानगी आहे तिथे जाऊन नुसतं बसून, पडून, सॅक लावून बघता येतं. काडतुसं घरी ठेव. ताईंनी सांगितलेली ती डोळे मिटायची युक्ती उतारावर करून बघ, पहिल्यांदा क्रॉसहेअर कुठल्या कुठे गेलेला असेल.

प्रोन_कोल्हापूर

नक्की करून बघ आणि इथे लिही. चाप ओढल्यावर क्रॉसहेअर कुठे राहिला तेही बघत जा, लगेच डोकं उचलायचं नाही.

नवशिक्या

करतो ताई. शेवटचं विचारतो, नवीन रेंजफाइंडर घ्यावा म्हणतोय, कोन धरून अंतर दाखवणारा. मग कोसाइन वगैरे काही करावं लागणार नाही ना?

दक्षिणवारा

करायचं नाही, तेच महत्त्वाचं. त्याने आधीच २६० दाखवलेत आणि तू परत ०.८७ ने गुणलंस तर २२६ येतील, म्हणजे ५ च्या जागी २ क्लिक, आणि ३०० वर गोळी ८-९ सेंटीमीटर खाली. बहुतेक यंत्रांत दोन मोड असतात, एकात तिरकं अंतर आणि एकात कोन धरून काढलेलं. काहींत दोन्ही आकडे एकाखाली एक येतात आणि कुठला कुठला ते मॅन्युअलमध्येच कळतं. घरीच गच्चीवरून नाहीतर टेकडीवरून खालच्या खांबाला लावून दोन्ही मोड तपासून घे, उभा कोन असेल तर फरक लगेच दिसतो. वाऱ्यासाठी तिरकं अंतर लागेल, ते कुठे दिसतं तेही बघून ठेव. बॅटरी आतल्या खिशात ठेव, आणि कोनमापक सॅकमध्ये राहू दे.